राक्षसाला मलेरिया झाला

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माणसं शहाण्यासारखा चेहरा करून वेड्यासारखी वागत जातात, आपण पडद्याआड चहा गाळत ऐकत राहतो, एवढ्यावर ते साठतात. माझ्याकडे साठलेत ते सगळे एकाच ओसरीवरचे. आमच्या कर्जतच्या.

लढाईचे दिवस होते. कर्जतला आमचा लहानसा प्रेस होता. पुढे प्रेस, मागे घर, मध्ये ओसरी. लग्नपत्रिका आणि भाताच्या गिरण्यांची पावतीपुस्तकं यांच्यावर पोट चालायचं. आणि आमच्या ह्यांची हौस म्हणून एक मासिक निघायचं, ‘बालझुंबर’. मुलांसाठी जादूच्या गोष्टी!

लेखक तीन. शाळेतले बिवलकर मास्तर, खालापूरच्या कचेरीत वकिली करणारे चौबळ वकील आणि दादरहून आलेल्या इंदूताई. रविवारी तिघं ओसरीवर जमायचे आणि गोष्टी वाचायचे. माझ्याकडे तीन खाती होती. पोहे, चहा आणि प्रुफं.

या तिघांचं एका बाबतीत एकमत होतं. मुलांच्या गोष्टीत जादू पाहिजे, आणि हरवलेलं मूल शेवटी ‘आपल्या माणसांत’ पोचलं पाहिजे. बाकी काही नसलं तरी चालेल. बहुतेक वेळा नसायचंच!

* * *

बिवलकर मास्तरांकडे गोष्ट एकच होती. नुसती नावं बदलायची. एक अनाथ मुलगा असतो, तो लाकडं फोडतो, सगळे त्याला छळतात. शेवटी त्याच्या पाठीवर चंद्रकोर दिसते आणि तो राजपुत्र निघतो. आमच्याकडे घाट चढायला गाडीला मागून एक जादा इंजिन लावतात ना, तशी मास्तरांच्या गोष्टीला मागून चंद्रकोर लावलेली असायची. त्याशिवाय ती हलतच नसे.

अंक वाचून गावातली पोरं एकमेकांच्या पाठी तपासायला लागली. नदीवर पोहायला गेली की पोहणं राहिलं बाजूला, राजपुत्र शोधायचं काम सुरू!

एक दिवस मास्तरांच्याच वर्गात दगडू नावाचा पोरगा सदरा काढून टेबलापाशी उभा राहिला. बाप गिरणीत हमाल. छाती अशी पुढे काढलेली, की आता तोफाच सुटायच्या बाकी.

“मास्तर, माज्या पाठीवर चंद्र हाय. आमच्या आयेनं बी बघितला.”

मास्तरांनी चष्मा लावला. वाकून पाहिलं.

“गाढवा, चंद्र कसला! नायटा आहे तो. जा, गंधक लाव!”

वर्ग हसून हसून लोळला. दगडू मात्र तिथंच उभा. “पण मास्तर, राजाच्या पोराला नायटा व्हत नाय का?”

 पुढच्या अंकापासून मास्तरांनी चंद्रकोर काढून टाकली आणि तिथं पाकळ्यांसकट कमळ घातलं. नायट्याला पाकळ्या फुटत नाहीत ना!

* * *

मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली आणि अर्धं दादर बोचकी बांधून बाहेर पडलं. त्यात इंदूताई कर्जतला भावाकडे आल्या. इंग्रजी शाळेत शिकलेल्या. त्यांच्या गोष्टीत पऱ्या, धुराडी, आणि बर्फ. बर्फ फार! मुलगी घरातून हाकलली जाते ती बर्फात. तिला झाडाच्या बुंध्यात गुप्त दार सापडतं ते बर्फात. दार उघडून ती दुसऱ्या राज्यात जाते, तर तिथंही बर्फच.

एका रविवारी त्यांनी ही गोष्ट गावातल्या मुलांना वाचून दाखवली. डोळे मिटून, मान डोलवत. “जिकडे पाहावं तिकडे बर्फ! गुडघाभर, पांढराशुभ्र बर्फ!”

आमच्या मुलांनी बर्फ पाहिलेला एकाच ठिकाणी. स्टेशनावर, गोणपाटात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. पुढे बसलेली सखू नावाची चिमुरडी म्हणाली, “ताई, येवढ्या बर्फाला भुसा कुठनं आणला?”

“अगं, भुसा नाही. तो आकाशातून पडतो.”

“वरनं? मग डोकी फुटत असतील!”

“छे गं! कापसासारखा हलका असतो.”

“तुमच्या दादरला पडतो?”

इंदूताई जरा अडखळल्या. खोटं बोलायची सवय नव्हती, फक्त लिहायची होती. “नाही. मीसुद्धा अजून पाहिलेला नाही.”

सखूने शेजारणीच्या कानात सांगितलं, पण सगळ्या ओसरीला ऐकू गेलं. “या बी आपल्यावाणीच हायत गं. उगाच सांगत्यात!”

* * *

चौबळ वकिलांचा आवाज असा, की कोर्टातली घड्याळंसुद्धा थांबत असतील. खालापूरहून सर्व्हिस मोटारीने यायचे. त्या काळी त्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, त्यामुळे वकीलसाहेब आमच्याकडे धुराच्या लोटातून उतरायचे तेव्हा तेच दिव्यातून निघालेल्या राक्षसासारखे दिसायचे.

त्यांनी तीन वरांची गोष्ट लिहिली. गरीब मुलाला समुद्रात बाटली सापडते, बाटलीतून राक्षस निघतो. इथवर ठीक. मग राक्षस बोलायला लागतो.

“हे बालका, तुला तीन वर मागण्याचा हक्क आहे. परंतु सदरहू हक्क तुझ्या वारसांस पोचणार नाही. तसेच एक वर मागून दुसऱ्या वराने तो रद्द करविल्यास दोन्ही वर खर्ची पडले असे समजण्यात येईल.”

हे असं पानभर! मुलाने वर मागितला की राक्षस विचारायचा, ‘हा वर तू स्वखुशीने मागत आहेस काय?’ पोरं एकेक करून खांबाला टेकली. दोघं झोपली. आमची शालू, ह्यांच्या पहिल्या बायकोची मुलगी, तेव्हा सात-आठ वर्षांची. ती मात्र टक्क जागी. गोष्ट संपल्यावर तिने एकच विचारलं.

“त्या मुलाने वकील का नाही केला? राक्षसाने तर केलाय!”

* * *

लढाईत कागदावर कंट्रोल आला. ‘बालझुंबर’ची पानं निम्म्यावर आली. नेमकी त्याच वेळी मास्तरांची कादंबरी क्रमशः चाललेली. राजपुत्र राक्षसाच्या बेटावर अडकलेला, राक्षसाचा प्राण पोपटात, पोपट पिंजऱ्यात, पिंजरा गुहेत, आणि गुहेच्या तोंडाशी नाग. मास्तर सांगत होते, अजून वर्षभर तरी आपण बेटावरच आहोत.

एका महिन्यात कागद इतका कमी आला की मास्तरांच्या गोष्टीला चार बोटं जागा उरली. मास्तर तेव्हा लग्नाला गावी गेलेले. अंक तर निघायला हवा. आमच्या ह्यांनी टाइपाच्या केसपुढे उभं राहून, कागदावर न लिहिता, थेट अक्षरांचे खिळे जुळवून गोष्ट संपवली.

‘पुढे तो राक्षस आजारी पडून मेला. पोपट उडून गेला. राजपुत्र होडीत बसून घरी आला. समाप्त.’

मास्तर परत आले. अंक उघडला आणि तसेच चपलांसकट प्रेसमध्ये शिरले.

“अहो, हे काय केलंत! राक्षस मेला? असा कसा मेला? झालं काय त्याला?”

ह्यांनी शाईचा रूळ फिरवता फिरवता मान वर केली. “मलेरिया. कर्जतला कुणालाही होतो.”

त्या अंकाचं मुलांनी जितकं कौतुक केलं, तितकं आधी कधीच केलं नव्हतं. मास्तर महिनाभर आमच्याकडे आले नाहीत. माझे पोहे वाचले!

* * *

आता माझं सांगते. मी दुसरेपणावर आलेली. शालूची आई वारली तेव्हा ती पाच वर्षांची होती. पुढच्या वर्षी मी या घरात आले. म्हणजे गोष्टीच्या भाषेत मी कोण, ते कळलंच असेल.

इंदूताईंनी दिवाळी अंकासाठी ‘सावत्र राणी’ लिहिली. वाचायला बसल्या माझ्याच ओसरीवर, हातात माझ्याच पोह्यांची बशी. त्या गोष्टीतली सावत्र आई मुलीला जात्याला जुंपते, राखेत झोपवते आणि शेवटी विषाचा लाडू देते. वाचता वाचता इंदूताईंनी पदराने डोळे टिपले. मास्तर म्हणाले, “वा! काय करुणरस!” मी दारात उभी होते. शालू खांबाला मिठी मारून ऐकत होती.

वाचून झाल्यावर इंदूताईंना माझी आठवण झाली. जरा ओशाळल्या. मास्तर मदतीला धावले. “वहिनी, मनाला लावून घेऊ नका हं. वाङ्मयात सावत्र आई दुष्टच असते. परंपरा आहे ती.”

“असू दे की,” मी म्हटलं. “परंपरेला अजून पोहे वाढू का?”

बोलायला काय जातं! दुसऱ्या दिवसापासून शालू माझ्या हातचं गोड खाईना. भात, भाजी खायची, कारण ते सगळ्यांच्या ताटात एकाच पातेल्यातून पडायचं. पण तिच्या एकटीच्या हातावर काही ठेवलं की मूठ मागे. रडणं नाही, आकांडतांडव नाही. नुसती बघायची. त्या बघण्यापेक्षा तिने मला चावलं असतं तर बरं वाटलं असतं.

ह्यांना सांगावं, तर हे मुलीला रागावणार आणि गोष्ट आणखीनच खरी होणार. मी कुणाला काही बोलले नाही. दिवाळीच्या करंज्या तळायला घेतल्या. एक करंजी मोडली, तिच्यासमोर अर्धी मी खाल्ली आणि अर्धी पाटावर ठेवून चुलीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने वळून पाहिलं, तर पाटावर काही नव्हतं.

मग ती रीतच पडली. लाडू अर्धा माझा, अर्धा तिचा. चिरोटा अर्धा माझा, अर्धा तिचा. सावत्रपणाने माणूस झिजतं म्हणतात. मी त्या दिवाळीत अशी फुगले, की चोळ्या उसवायला लागल्या!

तुळशीचं लग्न झालं. डब्यात शेवटची करंजी उरली होती. मी ती मोडायला हात पुढे केला, तर शालूने माझ्या आधी उचलली. स्वतःच मोडली. अर्धी खाल्ली, नीट चावून, गिळून, आणि थोडा वेळ थांबली. मग उरलेली अर्धी माझ्यापुढे धरली.

“घ्या. विष नाही.”

* * *

या मंडळींच्या सगळ्या गोष्टी घनदाट अरण्यात घडायच्या आणि स्टेशनापलीकडचं रान एकानेही पाहिलेलं नव्हतं. हे म्हणाले, “निदान एकदा झाडं तरी बघून घ्या.” म्हणून सगळे माथेरानला निघालो. नेरळहून वर. मास्तर घोड्यावर, इंदूताई हातरिक्षात, आम्ही बाकीचे चालत. वर पोचल्यावर इंदूताई तांबडी माती बघून म्हणाल्या, “अगदी परीराज्य!” आणि पदर सांभाळत चटईवर बसल्या. परीराज्यात मुंग्या असतात, हे त्यांना लगेचच कळलं.

मास्तरांच्या गोष्टीत प्राणी बोलायचे. साधं नाही, सुभाषितं बोलायचे. वाट चुकलेल्या राजपुत्राला एक वृद्ध वानर भेटायचा आणि ‘वत्सा’ म्हणून धर्म सांगायचा. दशम्यांचं गाठोडं मास्तरांनी मोठ्या विश्वासाने आपल्या मांडीशी ठेवलं होतं. झाडावरून एक माकड उतरलं. मास्तरांकडे पाहिलं. गाठोडं उचललं आणि परत झाडावर.

“हाड! हाड! अरे चोरा!” मास्तर नाचायला लागले. पगडी एकीकडे, काठी दुसरीकडे.

मी म्हटलं, “मास्तर, ओरडता काय? बोला ना त्याच्याशी! तुमच्या गोष्टीत तर चांगलं शुद्ध बोलतं.”

मास्तर धापा टाकत म्हणाले, “वहिनी, ते माकड सुशिक्षित होतं!”

* * *

चौबळ वकिलांची एक गोष्ट मात्र मलाही आवडली होती. नाव होतं ‘सर्वांचे राज्य’. एक दयाळू राजा सगळ्यांना पंगतीला बोलावतो. बुटके, राक्षस, मुके, पांगळे, पशू, पक्षी, सगळे एका ओळीत बसतात. कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही. वकीलसाहेबांनी ‘तरी’, ‘सबब’ सगळं गाळून लिहिली होती.

ती वाचायच्या दिवशी शेजारच्या रानातल्या कोळशाच्या भट्टीवरची काही कातकरी मुलं बाजाराला आलेली. गोष्ट चाललीय म्हणून अंगणात घोटाळली. मी म्हटलं, “या रे, बसा वर.” वकीलसाहेबांनी घसा साफ केला. “राहू द्या वहिनी. खालीही ऐकू जाईल. माझा आवाज मोठा आहे.”

मुलं खाली अंगणात बसली, उन्हात. गोष्ट सुरू झाली. पंगतीचं वर्णन आलं. अंगणातली एक मुलगी, कडेवर धाकटा भाऊ, एकदम उभी राहिली.

“राजानं माकडाला कुठं बसिवलं?”

“आपल्या शेजारी!” वकीलसाहेब खूश झाले. श्रोता असावा तर असा.

“वर? वटीवर?”

“हो तर! अगदी राजाच्या मांडीला मांडी लावून!”

ती पायऱ्या चढली. सरळ आली आणि वकिलांच्या मांडीला मांडी लावून बसली. भावाला दोघांच्या मधे ठेवलं. मग म्हणाली, “हां, आता सांगा म्होरं.”

वकीलसाहेब उठले. उपरणं झटकलं. मोटार गाठायची आहे म्हणाले. मोटारीला अजून पुष्कळ अवकाश होता. राजाला पंगत वाटेतच सोडून जावं लागलं, म्हणून उरलेली गोष्ट मीच वाचून पुरी केली. राज्य बरं चाललं त्यानंतर!

* * *

शेवटचा किस्सा सांगते. शालूला त्या दिवशी बक्षीस मिळालं नाही, हे आधीच सांगून टाकते.

‘बालझुंबर’च्या वाढदिवसाला शाळेच्या पडवीत गोष्ट सांगायची स्पर्धा ठेवली होती. विषय मास्तरांनी दिलेला, ‘हरवलेली राजकन्या घरी येते’. परीक्षक तिघं, टेबलामागे ओळीने. हातात घंटा. पोरांनी अंकातल्या गोष्टी धडाधड म्हणून दाखवल्या. राजकन्या हरवली, राजकन्या सापडली, रथात बसली, टाळ्या. मास्तर प्रत्येक वेळी मान डोलवत होते. आपलीच गोष्ट परत ऐकू आली की माणसाला ती चांगलीच वाटते.

मग शालू उठली. मी बायकांत मागे बसले होते. तिने गोष्ट बसवलीय, हे मला माहीतही नव्हतं.

“एक राणी होती,” तिने सुरुवात केली. “तिची मुलगी हरवली. ती मुलगी एका घरी राहायला लागली. त्या घरात छापखाना होता. सारखा खडखड आवाज यायचा.”

लोक हसले. हे माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे.

“राणीने खूप शोधलं. खूप रडली. मग एक दिवस तिला घर सापडलं. ती रथ घेऊन आली. तिने दार वाजवलं. राजकन्येने दार उघडलं. राणी म्हणाली, बाळ, मी तुला न्यायला आलेय. चल आपल्या घरी. राजकन्या म्हणाली, आत्ता नको. आई भाकऱ्या टाकतेय.”

मास्तरांनी घंटा वाजवली. “थांब, थांब. चुकलं तुझं. आई तर दारात उभी आहे.”

“ती राणी,” शालू म्हणाली.

“अगं, पण राणी हीच तिची खरी आई ना?”

“हो.”

“मग?”

“मग काय? भाकऱ्या चालल्या होत्या.”

चौबळ वकील पुढे झुकले. “मुद्दा असा आहे, की मुलीचा ताबा कोणाकडे?”

शालूला ते कळलं नाही. तिने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता.

इंदूताईंनी गोड आवाजात विचारलं, “बाळ, आणि ती घरातली दुसरी? ती दुष्ट होती ना?”

“कोण?” शालूने विचारलं.

 मास्तर घंटेशी चाळा करत होते. “बरं, ते असू दे. शेवट तर सांग. मग ती बिचारी राणी रडत परत गेली का?”

“नाही हो,” शालू म्हणाली, मास्तरांना एवढंही कसं कळत नाही अशा सुरात. “राजकन्येने तिला हाताला धरून आत आणलं. आणि म्हणाली, आई, आणखी एक पाट मांड.”